ओढगस्तीच्या काळातल्या बायकांच्या कादंबऱ्या ऐकताना हिशेब निसटतो, तो कसा धरून ठेवायचा?

सुरंगी (फोंडा)

पावसाळ्याचे चार महिने आमच्या वाड्यावरच्या बारा-तेरा जणी आठवड्यातून एकदा बसून ऐतिहासिक कादंबरी ऐकणार आहेत. निम्म्या साठीच्या पुढच्या आहेत. बारीक अक्षर वाचवत नाही, म्हणून ऐकणंच बरं. विषय ठरला आहे: ज्या काळात पैसा आटला, धान्य आटलं, त्या काळात घर चालवणाऱ्या बायका. गोव्यातल्या आधी, मग वेळ उरला तर बाहेरच्या.

अडचण अशी की अशा कादंबरीचा जीव आकड्यांत असतो. किती कुडव भात आलं, किती तंगे (गोव्यातलं जुनं नाणं) उरले, पाटली किती तोळ्यांची होती. छापील पुस्तकात दोन पानं मागं जाऊन बघता येतं. ऐकताना वाक्य गेलं की गेलं, आणि मग ती बाई दारात बसून का रडते तेच कळत नाही. प्रकरणाच्या डोक्यावरचं साल तर हमखास हुकतं.

जाणकारांनी सांगावं: बैठक किती वेळाची ठेवावी, नाणी-मापांची कोणती माहिती आधी हाताशी हवी, आणि ऐकताना नेमकं कशाकडे कान लावावा?

पाटोकाठ

सुरंगीताई, आधी वेळेचा हिशेब करून घ्या, म्हणजे पुस्तक निवडताना फसगत होणार नाही. मराठी कथन निवांत लयीत मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्दांनी चालतं. तीनशे पानांची कादंबरी, पानाला अडीचशे शब्द धरले तर पंचाहत्तर हजार शब्द. म्हणजे जवळजवळ अकरा तास. चाळीस मिनिटांची एक बैठक धरली तर सतरा बैठका. जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू केलंत तर सप्टेंबरअखेर होईल, पण चतुर्थीचा आठवडा रिकामा जाणार हे धरून चाला. पाचशे पानांचं पुस्तक चार महिन्यांत बसत नाही. ते घ्यायचंच असेल तर आठवड्याला दोन बैठका लागतील.

चाळीस मिनिटांच्या वर ताणू नका. नाट्यमय प्रसंगाला मन तासभर टिकतं, पण आकडे अर्ध्या तासानंतर कानात शिरत नाहीत. आणि घड्याळ बघून मध्येच तोडू नका. पाच मिनिटं अलीकडे-पलीकडे झाली तरी प्रसंगाच्या शेवटी थांबा.

वेग १ वरच ठेवा. सव्वापट वेगाने अकरा तासांचे आठ तास अट्ठेचाळीस मिनिटं होतात, पण नावं आणि आकडे पहिले गळतात. ज्यांना ऐकू कमी येतं त्या असतील तर ०.९ करा. दर बैठकीच्या सुरुवातीला मागच्या वेळची शेवटची दोन मिनिटं पुन्हा लावा. कुणी गोष्ट तोंडी सांगण्यापेक्षा ते बरं, कारण सांगणारी आपल्या मनातला अर्थ त्यात घालते.

प्रकरणाचं साल हुकतं त्यावर एकच उपाय आहे. पुस्तकाची छापील प्रत ग्रंथालयातून आणून ठेवा आणि प्रकरणांची सालं एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून समोर टांगा. पणजीत पाटोच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात मराठी विभाग चांगला आहे.

खाजनबांध

पैशाकडे येतो. पोर्तुगीज काळातल्या गोव्याची कादंबरी ऐकायची तर एवढं पाठच पाहिजे: १ रुपिया म्हणजे १६ तंगे, आणि एका तंग्याचे ६० रेइस. म्हणजे रुपियाचे ९६० रेइस. ही पद्धत १८७१ पासूनची. शेजारी ब्रिटिश हद्दीत १ रुपया म्हणजे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. रुपयाच्या १९२ पै. दोन्हीकडे सोळाच असल्यामुळे तंगा आणि आणा हिशेबाला एकाच घरात बसतात, आणि लेखकही कधी कधी अदलाबदल करतात. तेवढ्यावरून पुस्तक खोटं ठरवू नका. दोन्ही बाजूंना राबता असलेल्या कुटुंबात दोन्ही शब्द चालत.

१ एप्रिल १९५७ ला भारतात नवे पैसे आले, रुपयाचे शंभर. गोव्यात तेव्हा तंगेच होते. म्हणजे १९५७-५८ सालात मुंबईच्या कुडात, म्हणजे गोवेकरांच्या सामाईक बिऱ्हाडात, राहणारा नवरा नव्या पैशात मोजतो आणि गोव्यातल्या साष्टी तालुक्यातली बायको तंग्यात. अशा काळातल्या पत्रापत्रीत आकडे जुळत नसतील तर ती लेखकाची चूक नाही, तो काळच तसा होता.

मापं: भात मोजायचं ते कुडव आणि खंडीत, २० कुडवांची एक खंडी. घाटावरच्या आणि मुंबईच्या कथेत शेर येईल. ८० तोळ्यांचा शेर, म्हणजे ९३३ ग्रॅम. सोनं तोळ्यात. तोळा ११.६६ ग्रॅमचा, १२ माशांचा, ९६ गुंजांचा. सावकाराकडे पाटली तोलायचा प्रसंग आला की गुंजांकडे लक्ष द्या. दोन तोळ्यांची पाटली लाख, डाग, झीज म्हणून दहा गुंजा कमी धरली गेली, तर त्या घराच्या हातून एक ग्रॅमहून जास्त सोनं बोलता बोलता गेलं. चांगला लेखक ती दहा गुंजांची ओळ हळूच टाकून पुढे जातो, आणि ऐकताना ती सगळ्यांत आधी हुकते.

तिस्क

खाजनबांध, भारताने गोव्याची नाकेबंदी केली त्या काळातल्या कादंबऱ्यांत एश्कुद हे पोर्तुगीज चलन येतं, ते तुम्ही घेतलंच नाही. १९५५ च्या प्रसंगांत एश्कुदचाच हिशेब धरायचा ना?

खाजनबांध

नाही. एश्कुद गोव्यात चलनात आले ते १९५९ च्या सुरुवातीपासून. एका रुपियाला ६ एश्कुद, एश्कुदचे १०० सेंताव्ह. म्हणजे जुना एक तंगा साडेसदतीस सेंताव्ह. १९५५ सालच्या बाजारात कुणी एश्कुद मोजत असेल तर ती लेखकाची घसरण समजा.

नाकेबंदीचा क्रम असा ध्यानात ठेवा. १९५४ पासून भारत सरकारचे निर्बंध घट्ट होत गेले. १५ ऑगस्ट १९५५ च्या गोवामुक्ती सत्याग्रहावर गोळीबार झाला आणि त्यानंतर सगळंच आवळलं. मुरगावहून कॅसलरॉककडे जाणारी रेल्वे वाहतूक बंद पडली आणि भारतातून घरी पैसे पाठवणं बंद झालं. गोव्यातल्या हजारो घरांची चूल मुंबईच्या मनीऑर्डरवर पेटत असे. पुरुष आगबोटीवर, मुंबईच्या स्वयंपाकघरांत, बँडमध्ये, कचेऱ्यांत, बाई गावात. तिच्यापुरती नाकेबंदी म्हणजे टपालवाला दारावरून तसाच पुढे जाणं.

पोर्तुगीज सरकारने बाहेरून माल आणला: हॉलंडचे बटाटे, सिलोनचा चहा, पाकिस्तानातून तांदूळ, जपानचं सिमेंट. म्हणून त्या काळाच्या कथेत दुकानं भरलेली दिसली तर गोंधळू नका. माल होता, हातात रोकड नव्हती. त्याच वर्षांत जपानला जाणाऱ्या लोखंडाच्या खनिजामुळे डिचोली, सांगे, सत्तरी भागात मजुरी मिळू लागली, आणि सुरुवातीच्या काळात खनिज वेचायला नि पाट्या वाहायला बायका मोठ्या संख्येने होत्या. एकाच सालात एका तालुक्यात रोकड आटते आणि दुसऱ्यात पहिल्यांदाच येते. कादंबरीतलं गाव कुठल्या तालुक्यात आहे हे पहिल्याच बैठकीत नकाशावर दाखवा.

आगरवाडेकरीण

पैशाइतकंच पंचांगाकडे कान द्यायला हवा, आणि हे कुणी अजून लिहिलं नाही म्हणून सविस्तर लिहिते.

गोव्यातल्या गरीब घराचं वर्ष दोन पिकांवर फिरतं. सरद म्हणजे पावसाळी भात, जूनमध्ये पेरून भाद्रपद-आश्विनात कापणी. वायंगण म्हणजे पाण्याच्या सोयीवर हिवाळ्यात घेतलेलं. ज्यांच्याकडे वायंगण शेत नाही त्यांची कणगी वैशाखापर्यंत तळाला लागते. मासेमारी पावसात बंद, ती नारळी पुनवेला उघडते. मजुरीची कामंही लावणी झाली की संपतात. म्हणून आषाढ आणि श्रावणाचा पहिला पंधरवडा हा भुकेचा काळ. कुठल्याही गोव्यातल्या कथेत सोनं गहाण पडायचं असेल तर ते बहुधा या सहा आठवड्यांत पडतं. लेखकाने महिना सांगितला नसेल तरी 'नव्याची पंचम अजून लांब आहे' असं एखादं वाक्य येतं, त्यावरून ओळखा.

या भुकेवरचा उपाय म्हणजे पुरुमेंत, मे महिन्यात करून ठेवायची बेगमी. उकडे तांदूळ, मिरची, कांद्याच्या माळा, चिंच, भिंडांची सोलं, फणसाच्या आठळ्या, सुकी सुंगटं (कोळंबी), खारे बांगडे, आणि या सगळ्याला पुरेल एवढं मीठ. कादंबरीत पुरुमेंताचं वर्णन आलं की ते सणासुदीचं रसाळ वर्णन समजून डुलकी काढू नका. तो त्या घराचा ताळेबंद आहे. यादीतली कोणती वस्तू गळली ते ऐका. खारे बांगडे आहेत पण कांदा नाही, याचा अर्थ किनाऱ्याची मासळी हाताशी आहे आणि घाटावरचा माल विकत घ्यायला पैसा नाही. नाकेबंदीत नेमकं हेच झालं, कारण कांदा-मिरची घाटावरून यायची.

दुसरी खूण पेजेची. उकड्या तांदळाची पेज घट्ट असते तेव्हा शितं पळीला लागतात आणि वर निवळ थोडी. तांदूळ कमी पडू लागले की बाई पाणी वाढवते. मडकं तेवढंच, माणसं तेवढीच, पळी आत घातली की तळाला लागते तेवढाच बदल. मग निवळ पुरुषांना आणि पोरांना आधी वाढण्याऐवजी शितं त्यांना जातात आणि निवळ तिच्या वाटीत येते. शब्दांत दोन ओळी. कथनात पाच सेकंद. पण घर कुठल्या टप्प्यावर आलं ते त्यात सगळं आलं. वाचणाऱ्याने अशा जागी घाई केली तर मी तरी ते ध्वनिमुद्रण बाद धरते.

तिसरी खूण, काय विकलं जातं याचा क्रम. आधी तांब्याची मोठी भांडी जातात, कारण ती वर्षातून दोनदाच लागतात. मग कुड्या, पाटल्या. मग माडांचं उत्पन्न पुढच्या दोन-चार पाडपांसाठी (पाडप म्हणजे माडावरचे नारळ उतरवणं) सावकाराला लिहून दिलं जातं. पाडप साधारण तीन महिन्यांनी येतं, आणि पाडेल्याची मजुरीही नारळातच जाते. माड अंगणात उभे, पण नारळ दुसऱ्याचे. दुभती म्हैस आणि जमीन शेवटी, कारण ती कमावती आहेत. एखाद्या कादंबरीत पहिल्याच अडचणीत म्हैस विकली गेली तर लेखकाला तो संसार कळलेला नाही.

सुरंगी

आगरवाडेकरीणबाय, पेजेची खूण फार उपयोगाची. अशी एकेक गोष्ट आधी सांगून मग ऐकायचं, की ऐकून झाल्यावर विचारायचं?

आगरवाडेकरीण

नाणी, मापं, महिने आधी सांगा. पेज, पुरुमेंत, विक्रीचा क्रम यांबद्दल आधी काही बोलू नका, ऐकून झाल्यावर फक्त विचारा: 'आज पेज कशी होती?' तुमच्यातल्या थोरल्या बायका स्वतःच सांगतील. त्यांना यातलं तुमच्या-आमच्याहून जास्त ठाऊक असतं.

दस्तावेज

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण चुकीचं गृहीत धरून ऐकलं तर कथा उलटी लागते.

कूळ आणि मुंडकार एक नव्हेत. कूळ शेत कसतो आणि खंड देतो. मुंडकार भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहतो. बऱ्याच घरांत दोन्ही नाती एकत्र असत, पण घरातून काढण्याची धमकी असते ती मुंडकारपणाची. ती धमकी ऐकणारी बहुधा बाई असते, कारण भाटकाराकडे झाडलोट, कांडप, सणावारी राबणं तिच्याकडे. कूळ कायदा १९६४ चा आणि मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा १९७५ चा. त्याआधीच्या काळातली नायिका 'कायदा आमच्या बाजूचा आहे' असं म्हणत असेल तर चूक आहे.

उलट, वारशाच्या बाबतीत गोव्याची बाई शेजारच्या ब्रिटिश मुलुखातल्या बाईपेक्षा वेगळ्या जागी उभी होती. १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता १८७० पासून इथे लागू. लग्नानंतरची मालमत्ता सामाईक, त्यात बायकोचा अर्धा वाटा, आणि घर-जमीन विकायला तिची संमती हवी. हिंदूंसाठी १६ डिसेंबर १८८० च्या हुकुमाने काही चालीरीती राखून ठेवल्या होत्या. म्हणून नोटरीपुढे अंगठा उठवण्याचा प्रसंग आला तर कान टवकारा. नवऱ्याने कर्ज केलं असेल, पण जमीन सोडवायची की सोडायची हे तिच्या अंगठ्यावर अडलेलं असतं. तिच्यावर दडपण येतं ते त्याचसाठी. आणि गावकरीचा जोन, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या उत्पन्नातला वाटा, मात्र पुरुष गावकाराला जन्माने मिळे. तो मेला, मुलगा नसला, की घरातली ती रक्कम हलली.

मानसवाट

मिठाबद्दल. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहावर (अंमल १८८० पासून, संपला १८९२ ला) बेतलेली कथा हाती लागली तर जरूर घ्या, बायकांच्या श्रमाच्या दृष्टीने हा काळ फार मोलाचा आहे. तहाने गोव्यातलं मीठ इंग्रजांच्या ताब्यात गेलं, त्याबदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये आणि मुरगावची रेल्वे. कितीतरी मिठागरं बंद पाडली गेली, चालू राहिली त्यांवर पहारे बसले, आणि मीठ करणाऱ्या गावातच मीठ महागलं.

ऐकताना कळावं म्हणून मिठागराचं काम माहीत हवं. भरतीचं पाणी मानशीतून (बांधातल्या पाणी सोडायच्या दारातून) आत घेतात, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत उन्हाने दाट करतात, शेवटच्या चौकोनात खडा धरतो. तो दाताळ्याने ओढून बांधावर रास करतात. राशीवरून खळ्यापर्यंत पाटीने डोक्यावरून वाहून नेणं, हे बायकांचं काम. पाटीतून खारं पाणी मानेवर ठिबकतं, म्हणून डोक्यावर चुंबळ आणि खाली पोत्याची खोळ. पायांच्या भेगांत मीठ जातं. हंगाम जानेवारी ते मे. एखादा अवकाळी पाऊस पडला की वाफ्यातलं मीठ विरघळून आठवड्यांचं काम जातं, मजुरीही जाते. बंद मिठागर म्हणजे पाच महिन्यांची रोजी गेली, आणि मग मासळी खारवायला मीठ विकत आणायचं. आगरवाडेकरीणबायनी पुरुमेंत सांगितलं, त्याच्याशी हे जोडून ऐका.

खाजनाचा (खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेताचा) बांध फुटण्याचा प्रसंगही बऱ्याच कथांत येतो. खारं पाणी शेतात शिरलं की नुसतं ते वर्ष जात नाही. पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत पुढचाही हंगाम धोक्यात येतो. खारं सोसणारं कोरगुट भात तेवढं थोडंफार तग धरतं.

रेघ-आवाज

तांत्रिक बाजू माझी. आधी बैठकीतल्या आवाजाचं.

वय वाढलं की कानाची उंच पट्टी आधी जाते. स, श, त, फ ही अक्षरं पुसट होतात. 'सात' आणि 'आठ', 'साठ' आणि 'आठ' यांत गोंधळ होतो, आणि तुमचा तर सगळा खेळ आकड्यांचा. म्हणून आवाज नुसता मोठा करू नका, खर्ज कमी करा. ब्लूटूथ स्पीकर फरशीवर किंवा कोपऱ्यात ठेवला की खर्ज घुमतो. बसलेल्या बाईच्या कानाच्या उंचीवर, स्टुलावर ठेवा, खाली घडी केलेलं कापड घाला. बारा जणींना दहा वॉटचा एक स्पीकर पुरतो, अर्धगोल करून बसा, कुणीही तीन मीटरपेक्षा लांब नको. जुलैत कौलांवर पाऊस कोसळतो तेव्हा पडवीत बसून काही ऐकू येणार नाही, आतली खोली धरा. पत्र्याखाली तर नकोच. पंखा पहिल्या-दुसऱ्या अंकावर.

फोन विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन गहाणवटीच्या प्रसंगात कुणाचा तरी फोन वाजतो. त्यासाठी भाग आधी उतरवून ठेवावे लागतात. ६४ केबीपीएसचा भाग तासाला साधारण २९ एमबी खातो, अकरा तासांची कादंबरी सव्वातीनशे एमबीच्या आत बसते. वीज जाते हे धरून स्पीकर आदल्या रात्री चार्ज करा.

आता वाचकाची पारख. यंत्राने वाचलेलं पुस्तक या विषयासाठी घेऊ नका. जुन्या पुस्तकात रक्कम 'रु. २-८-०' अशी छापलेली असते, म्हणजे दोन रुपये आठ आणे. यंत्र ती 'दोन वजा आठ वजा शून्य' वाचतं, नाहीतर तारीख समजतं. मराठीतला दंत्य च-ज आणि तालव्य च-ज त्याला नीट साधत नाही. 'जग' हे नाम आणि 'जग' ही आज्ञा त्याच्या लेखी एकच. पोर्तुगीज नावांचं तर विचारूच नका. माणसानेच वाचलेलं घ्या, आणि घेण्याआधी नमुन्याचा भाग ऐकून तीन गोष्टी तपासा: 'ज्वांव', 'रेजेदोर' असले शब्द अडखळत नाहीत ना, संवादात गोव्याची ढब ओढूनताणून आणलेली नाही ना, आणि दुःखाच्या जागी सारंगी वाजत नाही ना. पार्श्वसंगीत असलेलं कथन मी या विषयाला पूर्ण वर्ज्य मानतो. संगीत आलं की ऐकणारी रडते आणि आकडा विसरते.

भरणी

मुंबई आणि घाटावरच्या कादंबऱ्यांचं दोन ओळींत सांगते, सुरंगीताईंनी 'बाहेरच्या' म्हटलं म्हणून.

१९७२ चा दुष्काळ: खडी फोडायची कामं, मजुरी मापावर. म्हणजे दिवस भरला म्हणून पैसे नव्हेत, किती घनफूट खडी पडली ते मोजून. माप घेणारा कधी येतो याकडे लक्ष द्या, तो आठवडा चुकला की हातात काही नाही. खायला मायलो, ती तांबडी आयात ज्वारी, आणि पोरांना सुकडी.

गिरणगाव: १८ जानेवारी १९८२ चा संप सगळ्यांना माहीत असतो, पण खाणावळवालीचा हिशेब माहीत नसतो. ती महिनाभर जेवण घालते, पगार झाला की पैसे घेते. वाणी मात्र तिला तेवढी उधारी देत नाही. संप झाला की गडी गावी जातो आणि महिन्याची थकबाकी तिच्या माथी. १९७४ च्या संपानंतर या बायकांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून द्यायचं काम १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाने सुरू केलं. ते उभं करणाऱ्या प्रेमा पुरव गोवामुक्तीच्या लढ्यातून गेलेल्या. तुमच्या बैठकीत हा दुवा जरूर सांगा.

पाटोकाठ

एका गोष्टीला माझा विरोध नोंदवतो. इतकी टाचणं, पुठ्ठे, नकाशे घेऊन बसलं तर कादंबरी ऐकायची राहून शाळा होईल. पहिल्या दोन बैठका काही न लिहिता ऐकू द्या. माणसं ओळखीची झाली की मग हिशेब.

खाजनबांध

माणसं ओळखीची होऊ द्या हे पटतं. पण पहिल्या दोन बैठकांतच घराची मूळ स्थिती येते: किती शेत, किती माड, कोण पैसे पाठवतं. ती नोंद नसेल तर पुढची घसरण कशाशी ताडून बघायची? सगळ्यांनी लिहू नये. एकीने लिहावं, बाकीच्यांनी ऐकावं.

पाटोकाठ

एकीने लिहायचं असेल तर मान्य.

सुरंगी

ठरलं, एकजण लिहील, आळीपाळीने. अजून एक शंका. एका घराच्या खात्यावर घेतलेलं पुस्तक असं बारा जणींत लावलं तर चालतं का? आणि आमच्यातली एक छान वाचते, तिच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवलं तर?

दस्तावेज

ॲपचं वर्गणीखातं वैयक्तिक वापरासाठी असतं. घरच्या माणसांनी एकत्र ऐकणं वेगळं आणि जाहीर सूचना लावून मंडळात लावणं वेगळं. प्रकाशकाला पत्र लिहून लेखी परवानगी घ्या. विनामूल्य, बारा जणींसाठी, अमुक महिन्यांत, असं स्पष्ट लिहा.

रेकॉर्डिंगचं: भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजून. लेखक १९६४ मध्ये किंवा त्याआधी वारले असतील तर त्यांची पुस्तकं आता मोकळी आहेत. त्यापलीकडच्या पुस्तकाचं ध्वनिमुद्रण परवानगीशिवाय वाटू नका, व्हॉट्सॲपवरही नको. दृष्टिबाधितांसाठी कायद्यात वेगळी सवलत आहे, पण ती त्यांच्यापुरतीच.

रेघ-आवाज

मोकळ्या पुस्तकाचं रेकॉर्डिंग करणार असाल तर: कपड्यांच्या कपाटाजवळ किंवा गाद्या असलेल्या खोलीत बसा, माइक तोंडापासून एक वीत आणि किंचित बाजूला, म्हणजे प-फ-भ फुटत नाहीत. मोनो, ४४.१ किलोहर्ट्झ. आवाजाची पट्टी उणे ३ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. एका दमात वीस मिनिटांच्या पुढे वाचू नये, आवाज बसतो आणि पुढचा भाग वेगळाच लागतो. जून-जुलैत बेडकांचा आवाज रात्रभर असतो, तेव्हा सकाळी दहा-अकराची वेळ बरी. आणि रकमा वाचण्याआधी पेन्सिलीने शब्दांत लिहून घ्या: 'दोन रुपये आठ आणे', 'पावणेचार कुडव'.

सुरंगी

लिहिणारीसाठी कागदाचा नमुना केला आहे. गोष्ट काल्पनिकच धरली, फक्त रकाने तपासायला. चूक असेल तर सांगा.

बैठक ३. मे १९५६, साष्टी. घरात सासू, सून, तीन मुलं. नवरा मुंबईच्या कुडात.
आत: मनीऑर्डर अजून बंदच. भात ४ कुडव शिल्लक. माडांचं पाडप झालं, पाडेल्याला नारळ देऊन उरलेले विकले. मल्लं (माडाच्या झावळ्यांची झापं) विणून थोडे तंगे.
बाहेर: घर शाकारायला चुडतं (झावळ्या). मुलाची फी. वाण्याची मागची बाकी.
पुरुमेंत: तांदूळ अर्धेच, खारे बांगडे आहेत, सोलं आहेत, कांदा नाही, मिरची थोडी.
गेलं: तांब्याचा हंडा.
पेज: अजून घट्ट.

आगरवाडेकरीण

रकाने बरोबर आहेत. 'बाहेर'मध्ये मीठ घाला. खारे बांगडे घरी केले असतील तर मीठ विकत आणलं की मिठागरावर मजुरी करून त्याबदली आणलं, हे कादंबरीत बहुधा येतं. त्याबदली आणलं असेल तर सून जानेवारीपासून पाटी वाहते आहे, आणि मग मल्लं ती रात्री विणते. तसं असेल तर 'आत'मधले ते थोडे तंगे कुणाच्या नावावर, सासूच्या की सुनेच्या, तेही लिहा. पुढे हंडा कुणाच्या सांगण्यावरून गेला त्यावरून भांडण निघालं तर कागद लागेल.